काकू, हे पत्र सगळ्यांनी वाचलं तरी चालेल

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला समोर बसवून आभार मानायची सोय नाही. ‘पुरे, चहा टाकते’ म्हणून तुम्ही उठून जाल. म्हणून हे जाहीर पत्र. नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या सोसायटीत ते कुणालाही कळेल.

ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी ३७ फुटांच्या आसपास चढलं, तेव्हा आपल्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. लाइट गेलेली, लिफ्ट बंद, मोटर पाण्याखाली. त्यात गच्चीवरून कुणीतरी मगर दिसल्याची आवई उठवली, आणि नदीत मगरी असलेल्या बडोद्यात ती आवई म्हणून सोडूनही देता येत नाही. मोबाइलमध्ये जीव होता तोवर ग्रुपवर जो तो दुसऱ्याला सूचना देत होता. तुम्ही मात्र पहिल्या मजल्यावर जिन्यात खुर्ची टाकून, मांडीवर शंभर पानी वही घेऊन बसलात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत राहिलात. घरात आजारी कोण? गोळ्या किती दिवस पुरतील? सिलिंडर भरलेला आहे का? प्यायचं पाणी किती?

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं इन्सुलिन बंद फ्रीजमध्ये पडलंय, हे त्या वहीमुळे कळलं. समोरच्या विंगमध्ये एक नर्स राहते, तिला तुम्ही विचारून आलात. मग कुप्या झाकणाच्या डब्यात, डबा मातीच्या माठात आणि माठाला बाहेरून ओलं फडकं, अशी सोय झाली. आजोबांचा मुलगा हात जोडायला आला, तर सगळ्यांदेखत म्हणालात, ‘मला कुठे ठाऊक होतं? हिनं सांगितलं.’ त्या दिवसापासून ती नर्स बिल्डिंगची झाली. तोवर ती फक्त भाडेकरू होती.

आणि ती पोरं! एरवी क्रिकेटच्या चेंडूवरून ज्यांना अख्खी सोसायटी ओरडते, त्यांना पाणी गुडघ्याखाली आल्यावर तुम्ही नाक्यावरून दूध आणायला धाडलंत. यादी दिलीत, पैसे दिलेत आणि वाटप त्यांच्यावरच सोपवलंत. कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे हे आपल्या कमिटीपेक्षा त्यांनाच जास्त माहीत निघालं.

मला म्हणालात, ‘बी विंगचं तू बघ.’ मला चार माणसांत बोलता येत नाही, असं मी कुरकुरले. त्यावर तुमचं उत्तर, ‘बोलायचं नाहीये, मोजायचंय.’ ऑफिसात आम्हाला एकदा नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलं होतं. उभं कसं राहायचं, आवाज कसा लावायचा, समोरच्याच्या डोळ्यांत कसं बघायचं. मोजायला कुणी शिकवलं नव्हतं. घरोघर जाऊन पाण्याचे पिंप मोजताना माझी भीड कधी गेली, मलाच कळलं नाही.

पुरानंतरची मीटिंग तर अजून डोळ्यांसमोर आहे. एक गृहस्थ नुकसानभरपाईवरून तावातावाने बोलत होते. कमिटी झोपा काढते, हिशेब कुठेय, वगैरे. आम्ही मध्ये पडायला निघालो, तर तुम्ही हातानेच थांबवलंत. त्यांचं सगळं बोलून झाल्यावर वही त्यांच्यापुढे सरकवलीत. ‘हिशेब हा. आणि सरकारी फॉर्मचं तुम्हाला कळतं, ते काम घ्याल का?’ त्यांनी घेतलं, आणि चोख केलं. वहीत पै-पैसा मांडलेला नसता, तर तुमच्या त्या गोड बोलण्याचा काडीचा उपयोग झाला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराजा सयाजीराव गायकवाडांवरचं तुमचं बोलणं मी कितीदा ऐकलंय. कवळाण्याच्या शेतकऱ्याचं बारा वर्षांचं पोर १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं, ही गोष्ट अख्खं बडोदं सांगतं. तुमचं म्हणणं, गोष्ट तिथे संपवू नका, पुढची वर्षं बघा. दिवाण टी. माधवराव कारभार सांभाळताहेत, इलियट साहेब शिकवताहेत आणि पोरगा अक्षरओळखीपासून एकेक विषय घोटतोय. अधिकार हाती आले ते १८८१च्या डिसेंबरात. पुढे सक्तीचं शिक्षण आणलं, तेही एकदम नाही. १८९३मध्ये आधी अमरेलीत, आणि सगळ्या राज्यात १९०६ला. नुसतं लिहिता-वाचता येऊन काय उपयोग, हाताशी पुस्तकं हवीत, म्हणून १९१०पासून ग्रंथालयं. तुमची सगळी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे इथे तुमचा आवाज जरा चढतो. राजाकडे सत्ता होती, आपल्याकडे फक्त मेंटेनन्सची पावती आहे, असं मी एकदा म्हटलं होतं. ‘मग तर आपल्याला जास्तच दमानं घ्यायला हवं,’ तुम्ही म्हणालात.

यंदा मला सेक्रेटरी केलं, त्याला तुमचीच फूस होती हे मला कळत नाही असं समजू नका. मीटर आणि मोटर उंचावर घ्यायचं काम निघालं, तेव्हा तुमची अमरेली आठवली. सगळ्या विंगना एकदम हात घातला नाही. आधी ए विंग केली. तिथे जिना अडतो हे लक्षात आलं, वायरमनने जागा बदलून दिली, खर्चही थोडा उतरला. आता बी आणि सीवाले स्वतःच ‘आमचं कधी?’ म्हणून विचारताहेत. पावसाळ्याआधी व्हावं.

तुमचा एक दुर्गुणही लिहून ठेवते. तुम्ही दमता हे सांगत नाही. पुराच्या त्या दिवसांत स्वतःच्या बीपीच्या गोळ्या संपल्याचं तुमच्या वहीत कुठेच नव्हतं. आम्हाला तुमच्या मुलीच्या फोनवरून कळलं. यापुढे वहीत पहिलं नाव तुमचं, हा कमिटीचा ठराव समजा.

आणखी एक. गणपतीत तुमचा सत्कार करायचा म्हणून लोकांनी वर्गणी काढली होती. शाल-श्रीफळ तुम्ही घेणार नाही हे ठाऊक असल्यामुळे ती रक्कम मी पंपाच्या फंडात जमा केली. पावती तुमच्या नावाने फाडली आहे. ती घ्यायला नकार देता येत नाही, नियम बघून ठेवलाय.

तुमची,
बी विंगवाली