व्हाइट सिटीत धावलेल्या कुत्र्यांचं पुढे काय झालं? ब्रिटनच्या क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

माननीय संस्कृती, मीडिया आणि क्रीडामंत्री,
ब्रिटन सरकार

नमस्कार मॅडम,

मी पश्चिम लंडनमध्ये राहतो, मूळचा सांगलीकडचा. हे पत्र इंग्रजीत तुमच्या ऑफिसला पाठवतोच आहे, इथे मराठीत टाकतोय कारण लंडनमधल्या आपल्या लोकांनीही शर्यतीच्या कुत्र्यांच्या जुन्या नोंदी खुल्या करायच्या या मागणीला साथ द्यावी असं मनापासून वाटतं. आणि शर्यत म्हटलं की नाक मुरडणाऱ्यातला मी नाही, बैलगाडा शर्यती बघतच मोठा झालोय.

विषय शेफर्ड्स बुशजवळच्या व्हाइट सिटी स्टेडियमचा. १९०८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलं, मग बरीच वर्षं त्याचं काय करायचं हेच कुणाला कळेना. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे ग्रेहाउंड जातीची वेगवान कुत्री सोडायचा अमेरिकन खेळ सुरू झाला आणि तुफान चालला, की लगेच पुढच्या वर्षी व्हाइट सिटीतही ट्रॅक सुरू, इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी ही मोठी शर्यतही तिथेच सुरू झाली. संध्याकाळी काम सुटलं की लोक थेट ट्रॅकवर. सहा कुत्री, एक नंबरला लाल जॅकेट, दोनला निळं, तीनला पांढरं, चारला काळं, पाचला केशरी, सहाला काळे-पांढरे पट्टे, आणि जेमतेम तीस सेकंदात खेळ खल्लास.

एवढी गर्दी का व्हायची तर त्यामागे कायदा होता. कामगाराला रोख पैसे लावायचे तर कायदेशीर जागा म्हणजे ट्रॅकच, गल्लीतल्या बुकीकडे लावले की गुन्हा, आणि पैसेवाला मात्र घरबसल्या फोनवरून उधारीत घोड्यावर लावू शकायचा. हा सरळ सरळ अन्याय होता, तो १९६१ च्या मे महिन्यात गल्लोगल्ली बेटिंग शॉप उघडली तेव्हा संपला, पण त्याबरोबर ट्रॅकची गर्दीही ओसरायला लागली. तरी या खेळाचं वजन बघा, १९६६ च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये उरुग्वे-फ्रान्स मॅच वेम्बलीला न होता व्हाइट सिटीला झाली, कारण वेम्बलीच्या मालकाने त्या रात्रीच्या कुत्र्यांच्या शर्यती रद्द करायला चक्क नकार दिला!

आणि मिक द मिलर. आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या पाद्र्याचा कुत्रा, लहानपणी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजाराने मरता मरता वाचलेला. १९२९ ला व्हाइट सिटीत आला, पहिल्याच फेरीनंतर ८०० गिनींना विकला गेला, ती डर्बी जिंकला, १९३० चीही जिंकला, सलग १९ शर्यती जिंकला. १९३९ मध्ये गेला, आजही ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पेंढा भरून काचेत उभा आहे. त्याला बघायला मुलं येतात, छान वाटतं.

पण बाकीच्यांचं काय? १९२७ ते सप्टेंबर १९८४ म्हणजे ५७ वर्षं तिथे कुत्री धावली. मग स्टेडियम पाडलं, जागेवर बीबीसीच्या इमारती उभ्या राहिल्या. १९०८ ची फिनिश लाईन तिथल्या फरशीत दाखवलेली आहे. ऑलिंपिक काही महिन्यांचं, ही कुत्री मात्र अर्धं शतक.

आमच्या शेजारच्या आजींनी रिटायर झालेली एक ग्रेहाउंड दत्तक घेतलीय. तिचे कान उलटे करून बघितले तर आतल्या गुलाबी कातडीवर हिरव्या शाईने अक्षरं गोंदलेली. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या कुत्र्याच्या दोन्ही कानांत असतं. म्हणजे प्रत्येक कुत्र्याची नोंद होती, आई-बाप कोण, मालक कोण, कुठल्या शर्यतीत कितवा आला सगळं लिहून ठेवलेलं, कारण त्यावर पैसा लागायचा. ज्या दिवशी पैसा लागायचा थांबला त्या दिवशी नोंदही थांबली. २००६ मध्ये संडे टाइम्सने डरहॅमजवळच्या सीहॅमची बातमी छापली, एक माणूस वर्षानुवर्षं धावून संपलेली हजारो कुत्री मारून स्वतःच्या जमिनीत पुरत होता. दर कुत्र्यामागे दहा पाउंड घेऊन. वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती. जखमा किती, मेली किती, घरं किती जणांना मिळाली हे आकडे या खेळाच्या संस्थेने जाहीर करायला सुरुवात केली ती थेट २०१८ मध्ये!

वेल्सने २०२५ मध्ये बंदीची घोषणा केली, तुम्ही इंग्लंडमध्ये बंदीचा विचार नाही म्हणालात. तो वाद वेगळा, माझं मत वेल्सच्या बाजूने आहे हे लपवत नाही. पण खेळ चालू ठेवायचा असेल तर निदान मागचा हिशोब तरी मांडा ना. जुनी रजिस्टरं, रेसकार्डं, केनेलच्या (कुत्री ठेवायच्या जागेच्या) वह्या ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडून मागवून घ्या आणि सरकारी अर्काइव्हमध्ये सगळ्यांसाठी खुल्या करा. कानातला नंबर टाकला की त्या कुत्र्याचं शेवटपर्यंत काय झालं हे जेवढं सापडेल तेवढं दिसलं पाहिजे, आणि जिथे काहीच सापडत नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं दिसलं पाहिजे.

२०२५ च्या जानेवारीत क्रेफर्डचा ट्रॅक बंद झाला, लंडनमध्ये आता रॉमफर्डचा तेवढा उरलाय. ज्यांनी व्हाइट सिटीत कुत्री फिरवली, त्यांना जॅकेट घातली, त्यांचे सुजलेले पाय चोळले, ती माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन कुणाला पाठवायचं असेल तर याच वर्षी पाठवा.

आपला,
पश्चिम लंडनमधला एक रहिवासी