आधी विषय जुळव, मग विद्यापीठ

प्रिय समीर,

परदेशात मास्टर्स करण्यासाठी तू काढलेली विद्यापीठांची यादी मिळाली. रागावू नकोस, पण ती रँकिंग उघडून वरून खाली उतरवल्यासारखी दिसते.

लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजचं 'एमएससी कम्प्युटिंग' आधी खोड. नावाला भुलू नकोस. दुसऱ्याच विषयाची पदवी घेऊन या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी तो कोर्स आहे. तुझ्यासारख्या कम्प्युटरच्या पदवीधरासाठी तिथे 'अ‍ॅडव्हान्स्ड कम्प्युटिंग' हा वेगळा कोर्स आहे. प्रत्येक कोर्सच्या पानावर 'प्रवेशाच्या अटी' हा भाग असतो. सगळे तो सोडून थेट फी बघतात!

म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत तर तुझे पदवीचे विषय त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. अल्गोरिदम्स, ऑपरेटिंग सिस्टिम्स, डेटाबेस, कम्प्युटरची थिअरी, गणित, यांतलं तू काय आणि किती शिकलास हे त्यांना हवं असतं. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विषयवार गुणपत्रकावर, नुसतं 'सॉफ्टवेअर लॅब २' लिहिलेलं असेल तर वाचणाऱ्याला काय कळणार? कॉलेजकडून सविस्तर सिलॅबस सही-शिक्क्यासह आजच मागून घे. या कामाला वेळ लागतो, आणि नेमकं तेच सगळे शेवटी ठेवतात.

जर्मनीत शिक्षण फुकट, हे तू लिहिलंस तेही पुरतं खरं नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या याच विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशाच बाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४००० किंवा ६००० युरो लावलेत. ब्रिटनमध्ये मास्टर्स साधारण वर्षभरात उरकतं. राहण्याचा खर्च कमी, पण श्वास घ्यायला फुरसत नाही.

अमेरिकेचं एक विचारून घे: कोर्स 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहे का? पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, त्यावर आणखी २४ महिने फक्त स्टेमवाल्यांना मिळतात. बिझनेस स्कूलच्या 'इन्फर्मेशन सिस्टिम्स'सारख्या कोर्सबद्दल तर हमखास विचार.

एसओपीतली, म्हणजे अर्जासोबतच्या तुझ्या निवेदनातली, पहिली दोन वाक्यं काढून टाक. लहानपणापासूनची कम्प्युटरची आवड प्रत्येकाच्याच अर्जात असते. तिसऱ्या परिच्छेदात कॅशमधला (कम्प्युटरच्या तात्पुरत्या साठ्यातला) जुना डेटा कसा पकडलास ते लिहिलंयस ना, तिथूनच सुरू कर. त्या वाक्यांत तू दिसतोस. आणि त्या विद्यापीठात तुला कोणत्या विषयावर पुढे काम करायचंय, ते नाव घेऊन लिही. शिफारसपत्र विभागप्रमुखांचं कशाला? प्रोजेक्ट बघणाऱ्या सरांचं घे. पद लहान असलं तरी त्यांना सांगण्यासारखं काहीतरी असेल.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षं चालतात, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे पाच. जीआरई किती ठिकाणी लागतेच ते बघून मगच फी भर.

सिलॅबस हाती आला की पाठव. कुठे काय जुळतं ते मिळून बघू.

तुझा,
अभय