हे-ऑन-वायची दुकानं पाहिली, गोष्टी राहून गेल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या हे-ऑन-वाय या गावावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. आम्ही वाईकर, त्यामुळे 'वाय' नदीचं नाव दिसलं की नजर अडतेच. शिवाय पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे गेलं की भिलार. ४ मे २०१७ रोजी त्याचं 'पुस्तकांचं गाव' झालं, ते याच गावाच्या धर्तीवर. म्हणून लेख दोनदा वाचला.

आधी एक दुरुस्ती. हे गाव ('हे' नावाचं गाव, मराठीत ही पंचाईतच आहे) लेखात म्हटलंय तसं इंग्लंडमध्ये नाही, वेल्समध्ये आहे. चूक होण्यासारखीच जागा आहे म्हणा. गावाच्या कडेने डलस नावाचा ओढा जातो, तो ओलांडला की इंग्लंड सुरू. मुलीकडे हेरफर्डला होतो तेव्हा मीही एका फेरफटक्यात दोनदा देश बदलला आणि पत्ता लागला नाही.

पण खरी तक्रार वेगळी आहे. रिचर्ड बूथ यांनी थाटलेली जुन्या पुस्तकांची दुकानं, १ एप्रिल १९७७ रोजी त्यांनी स्वतःला या गावाचा राजा घोषित करणं, १९८८ पासूनचा साहित्य महोत्सव, इथेच लेख आटोपतो. जणू बूथ येण्याआधी त्या मुलखात वाङ्मय नव्हतंच. तिथून जवळच किंग्टनला हर्गेस्ट कोर्ट नावाचा जुना वाडा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतलेली, वेल्श भाषेतली एक थोर पोथी या वाड्यात होती, म्हणून ती 'हर्गेस्टचं तांबडं पुस्तक' म्हणून ओळखली जाते. 'मॅबिनोगी' या जुन्या वेल्श पुराणकथा त्यात आहेत. पोथी आता ऑक्सफर्डला असते. गंमत अशी की वेल्श साहित्याचं हे धन ज्या वाड्याचं नाव मिरवतं, तो आज इंग्लंडच्या हद्दीत आहे.

त्याच वाड्याचा मालक ब्लॅक व्हॉन म्हणजे सगळ्या पंचक्रोशीचं भूत. १४६९ च्या लढाईनंतर तो मेला, पण गप्प बसेना. कधी माशी होऊन घोड्यांना सतावायचा, कधी बैल होऊन थेट चर्चमध्ये शिरायचा. शेवटी बारा पाद्री बारा मेणबत्त्या घेऊन बसले. प्रार्थना म्हणता म्हणता त्याला आकसवत नेलं आणि तपकिरीच्या डबीत कोंडून हर्गेस्टच्या तळ्यात पुरलं, वर मोठी धोंड. ही हकिकत आपल्याला मिळते ती एला मेरी लेदर या बाईंमुळे. वेब्ली गावी राहून त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी टिपल्या, बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या मळ्यात तोडणीला येणाऱ्या जिप्सींची गाणी उतरवून घेतली आणि १९१२ मध्ये हेरफर्डशायरच्या लोककथांचं पुस्तक काढलं.

उत्तरेला श्रॉपशायरमध्ये हेच काम शार्लट बर्न यांनी आधी, १८८३ मध्ये केलं होतं. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांशी लढलेला सरदार एड्रिक स्टिपरस्टोन्सच्या डोंगराखाली, शिशाच्या खाणीत, आपल्या परीराणीसकट अडकला आहे आणि युद्ध जवळ आलं की घोड्यावरून बाहेर पडतो, असं तिथले खाणकामगार सांगत. क्रिमियन युद्धाच्या तोंडावर बापासोबत आपण ही स्वारी पाहिल्याचं एका खाणकामगाराच्या मुलीने सांगितलं, ते बर्नबाईंच्या पुस्तकात आहे. रीकिन टेकडीची गोष्ट मात्र खट्याळ. एक राक्षस श्रूजबरी शहर बुडवायला फावडंभर माती घेऊन निघतो. वाटेत एक चांभार फाटक्या जोड्यांची पिशवी दाखवून सांगतो, 'तिथून येता येता एवढे झिजले.' राक्षस कंटाळून माती तिथेच टाकतो. हा राक्षस अर्थातच वेल्श! श्रॉपशायरवाले गोष्ट सांगणार म्हटल्यावर तो दुसऱ्या कुठला असणार?

आणि मिचेल्स फोल्डच्या पाषाणवर्तुळातली पांढरी गाय. दुष्काळात ती येईल त्याला बादलीभर दूध द्यायची, मग एका चेटकिणीने चाळणीत धार काढली आणि गाय नाहीशी झाली. खुलभर दुधाची कहाणी ऐकत वाढलेल्या वाचकांना ही गोष्ट नक्की आवडली असती.

भिलारला घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत, छानच आहे. आपल्या लेखकांनी पुढचा लेख भिलारवर लिहावा. जाताना कपाटांबरोबर ओसरीवरच्या म्हाताऱ्यांकडेही पाहावं आणि समोरच्या डोंगराची गोष्ट विचारावी. वही मात्र सोबत न्यावी. आणि पुढच्या रविवारी तेवढी वेल्सची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, वाई