भैरवची मुलगी

नौपाडा, ठाणे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉमिकची पानं मिळाली. तुझा नायक भैरव झकास उतरलाय. वागळे इस्टेटमधल्या बंद कारखान्याच्या पत्र्यावर तो उभा आहे, ते चित्र तर बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझी तक्रार आहे ती त्याच्या मुलीबद्दल. चार वर्षांची चिमी म्हणते, "बाबा, रक्तानं रक्त धुतलं जात नाही." अगं, इतकी वर्षं बालवाडी चालवतेय, असलं बोलणारं एक पोर माझ्यापुढे आलं नाही. ते वाक्य तुझं आहे.

मेलेला माणूस परत येत नाही, हे मुलांना नीट उमगायला साधारण पाच ते सात वर्षांचं वय उजाडतं. भैरव म्हणाला, "तो काका मेला," तर चिमी विचारेल, "मग उद्या येणार?" जेवताना पुन्हा विचारेल. अंगावर पांघरूण घालताना पुन्हा. तेव्हा भैरवचा चेहरा कसा होतो, ते काढ. बंदुकीला ती घाबरणारच नाही, मिक्सर लावला की मात्र कानांवर हात ठेवून पळेल. आणि गुपित? बाबांच्या शर्टाला लाल लागलंय, हे दुपारपर्यंत शेजारच्या काकूंना कळलेलं असेल. तुझ्या त्या हेलिकॉप्टरवाल्या खलनायकापेक्षा भैरवला खरा धोका या काकूंचा आहे.

१९७४ साली आलेल्या पनिशरची, त्या अमेरिकन कॉमिकमधल्या सूड घेणाऱ्या नायकाची, बायकामुलं लेखकांनी मारून टाकली, की तो सूडाला मोकळा. पोरांना स्वभाव द्यायची गरजच उरली नाही. तू चिमीला जिवंत ठेवलंस, ते मला आवडलं. पण मग तिला सांभाळावं लागणार. भैरव रात्री येऊरच्या जंगलात जातो तेव्हा ती कुणाकडे असते? बाबांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

चित्रातही ती बुटकी बाई दिसते. मोठ्या माणसाच्या उंचीत साधारण साडेसात डोकी मावतात, चार वर्षांच्या मुलाच्या उंचीत पाचेकच. डोकं मोठं कर, मान जवळजवळ काढूच नकोस.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी चार दिवस ये आणि सकाळी माझ्या वर्गात बस. नवी वही मात्र आणू नकोस, पोरं तिच्यावर रेघोट्या मारतील.

तुझी,
आई