खाड्यांचेही पैसे कापले, काही घरांचे दोनदा

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार निवारण विभाग

विषय : ऑक्टोबरच्या दूध-बिलांची ऑटोपेने झालेली चुकीची वसुली

महोदय,

सांगलीत विश्रामबाग भागात आम्ही म्हशीच्या दुधाचा रतीब घालतो. एकूण १८४ घरं. दूध हे आणि दोन पोरं पोचवतात, हिशेब मी बघते. जूनपासून त्यातल्या १३१ घरांची बिलं तुमच्या ऑटोपे सिस्टीमवर आहेत, म्हणजे पैसे त्यांच्या खात्यातून आपोआप कापले जातात. याच विषयावर मी तक्रारीची चार तिकिटं टाकली, चारही तुम्ही ‘समाधान झाले’ असा शेरा मारून बंद केलीत. समाधान कोणाचं झालं ते मला कळलं नाही, म्हणून हे पत्र.

रतीबाची रक्कम दर महिन्याला ठरलेली नसते. गावाला गेलं की खाडा, पाहुणे आले की अर्धा लिटर जास्त. लोकांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच्या फुल्या आणि आमची वही महिनाअखेरीला जुळली की बिल ठरतं. जूनमध्ये तुमचा माणूस आला तेव्हा मी हेच पहिल्यांदा विचारलं होतं. तो म्हणाला, मँडेट (खात्यातून पैसे कापायची आगाऊ परवानगी) ५,००० रुपयांपर्यंतचं घेऊ, कापायची रक्कम मात्र जितकं दूध तितकीच. सप्टेंबरपर्यंत तसंच चाललं, आणि चांगलं चाललं हेही कबूल करते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली होती.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही अपडेट आणलं. त्यानंतर सिस्टीम पूर्ण महिन्याचं बिल काढते आणि खाडे ‘जमा’ म्हणून पुढच्या बिलात ढकलते. आम्हाला कोणी कळवलं नाही, आणि मेळ नेमका दिवाळीशी बसला. वसुबारसेनंतर अर्धी गल्ली गावाला गेली होती. एका घरी रोज एक लिटर जातं, ७२ रुपयांनी. त्यांचे सहा खाडे, म्हणजे २५ दिवसांचे १,८०० व्हायला हवे होते. कापले २,२३२. अशी २३ घरं आहेत. त्यातल्या दोन घरांनी भाड्याची खोली सोडून रतीबही बंद केलाय. त्यांची ‘जमा’ कुठल्या पुढच्या बिलात वळती होणार?

पैसे कापण्याआधी मेसेज जातो, तो ज्यांनी वाचला त्यांनी फोन केले. १७ जणांनी फोनही केला नाही, सरळ आपल्या यूपीआय ॲपमधून मँडेट रद्द केलं. त्यांचा तो हक्कच आहे. पण आता त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन पुन्हा पिन टाकायला सांगायचं कोणी? पैसे तुमच्या नाही, माझ्या खात्यात आले. लोकांच्या लेखी चोर मी ठरले.

दुसरा घोळ त्याहून वाईट. ४ नोव्हेंबरला काही खात्यांत शिल्लक नव्हती म्हणून वसुली फसली. पोरानं दुसऱ्या दिवशी दारात सांगितलं, त्यांनी लगेच आमचा क्यूआर स्कॅन करून पैसे दिले. मी त्याच दुपारी ॲपमध्ये ‘बिल मिळाले’ अशी नोंद केली, तिचा स्क्रीनशॉट जोडला आहे. तरीही ६ तारखेला रात्री पावणेदहाला तुमच्या सिस्टीमने पुन्हा प्रयत्न केला आणि नऊ घरांतून १७,६४० रुपये दुसऱ्यांदा कापले. आमच्याकडे साडेतीनला उठून धारा काढतात. रात्री दहाला फोन वाजला की हे आधी गोठ्यात म्हैस बघायला पळतात.

तुमचं उत्तर आलं : ‘रिझर्व्ह बँक आणि एनपीसीआयच्या नियमांनुसार.’ नियम मीही वाचलेत, रिझर्व्ह बँकेचे आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचेही. पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला रक्कम कळवायची आणि १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही. खाड्याचे पैसे घ्या, असं त्यात कुठे आहे? १ ऑगस्टपासून ऑटोपे गर्दीच्या वेळा टाळून, म्हणजे सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५ किंवा रात्री साडेनऊनंतर करायचे, म्हणून पावणेदहाची वेळ समजू शकते. पण फसलेल्या वसुलीनंतर तीनदा प्रयत्न करण्याची मुभा आहे, सक्ती नाही. आणि बिल भरलेलं असताना मुळात प्रयत्न कशाचा?

२३ घरांचे जादा पैसे आणि नऊ घरांचे दुहेरी पैसे मी रोख परत केले आहेत, दुधाबरोबरच. म्हणून कृपा करून आता तुम्ही परस्पर रिफंड पाठवू नका, नाहीतर तिसरा घोळ होईल. मला हवं ते एवढंच : या चुकीच्या वसुलीवर तुम्ही घेतलेलं कमिशन परत करा, त्यावरच्या १८ टक्के जीएसटीसकट. दुधावर जीएसटी नाही, त्यामुळे तो मला कुठेच वळता करून मिळत नाही, खिशातूनच जातो. बिल लिटरच्या नोंदीवरूनच निघालं पाहिजे आणि ‘बिल मिळाले’ म्हटलं की पुढचे प्रयत्न तिथेच थांबले पाहिजेत. शिवाय चूक तुमच्या सिस्टीमची होती, असं तुमच्या लेटरहेडवर मराठीत लिहून द्या. मी त्याच्या प्रती काढून घरोघरी देईन.

‘तुम्ही व्यावसायिक आहात, ग्राहक नाही’ असं तुमच्या फोनवरच्या बाई म्हणाल्या. पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकच मानतो. ती वेळ येऊ नये.

नोव्हेंबरची बिलं १ डिसेंबरला निघतील. २५ तारखेपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर उरलेल्या ११४ घरांची ऑटोपे वसुली मी माझ्या बाजूने थांबवेन आणि पोरं वही घेऊन दारात जातील. वही अजून टाकलेली नाही.

कळावे,

आपली ग्राहक,
दूध व्यावसायिक, विश्रामबाग, सांगली

सोबत : २३ घरांचे खाडे दाखवणारी वहीची पानं, नऊ घरांच्या दुहेरी वसुलीचे तपशील, ‘बिल मिळाले’ नोंदीचे स्क्रीनशॉट, बंद केलेल्या चार तिकिटांचे क्रमांक.