पक्या, दिवस कटत नाहीत रे

राजारामपुरी, कोल्हापूर

पक्या भावा,

परवा फोनवर म्हणालास की काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असलं तरी दसऱ्याला येत नाही, कॅनडाच्या सिटिझनशिपचे दिवस कटतील. तुझ्याकडं पोरांचा दंगा चालला होता म्हणून तेव्हा काय बोललो नाही. आता इथं लाईट गेलीय, मोबाईलला चार्जिंग आहे, तर सगळं लिहूनच काढतो. लांबेल, पण वाच.

दिवस कटत नाहीत लेका, अर्जाची तारीख पुढं जाते एवढंच. अर्ज करशील त्या दिवसापासून मागची पाच वर्षं बघतात आणि त्यात १०९५ दिवस तू कॅनडात असायला पाहिजेस, म्हणजे जवळपास दोन वर्षं बाहेर राहायची मोकळीक त्यातच आली की! पीआर, म्हणजे तिकडं कायमचं राहायची परवानगी, टिकवायला तर पाच वर्षांत ७३० दिवस पुरतात. हे दोन आकडे तिकडची आपलीच माणसं एकात एक कालवतात आणि तुझ्यासारखा घाबरून घरी बसतो. त्या पाच वर्षांत पीआरच्या आधी वर्क परमिटवर काढलेले दिवस असतील तर ते पण अर्धे अर्धे धरतात, जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. फक्त काठावर १०९५ झाले म्हणून अर्ज टाकू नको, वर थोडे राखून ठेव. महिनाभर इकडं आलास तर पासपोर्ट महिनाभर उशिरा मिळेल, त्यात काय आभाळ कोसळतंय?

खरी भानगड नोंदीची आहे. तू म्हणालास पासपोर्टवर शिक्के आहेत की. कुठले शिक्के? टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरल्यावर कियॉस्कच्या मशीनवरनं बाहेर पडतोस, पीआरवाल्याला बहुतेक वेळा शिक्का मारतच नाहीत, आणि तिकडनं निघताना तर इमिग्रेशनचा काउंटरच नसतो. राहिले आपले मुंबईचे शिक्के, आणि ते पक्के फसवे. समज, ४ तारखेला संध्याकाळी टोरोंटोहून निघालास, मधे फ्रँकफर्ट, मुंबईत पाय ठेवेपर्यंत रात्रीचे बारा वाजून गेले, शिक्का बसला ६ चा. परतीचं विमान २५ च्या पहाटे पण तू लवकर जाऊन रात्री साडेअकराला इमिग्रेशन उरकलंस, शिक्का २४ चा, आणि टोरोंटोला पोचलास २५ ला. फॉर्मात ४ ते २५ लिहायचं आणि शिक्के म्हणतात ६ ते २४. जायचा आणि यायचा, दोन्ही दिवस कॅनडातच धरतात, म्हणजे गैरहजेरी ५ ते २४, वीस दिवस. पाच वर्षांनी हे आठवून लिहायला बसलास तर डोक्याचं दही होईल.

म्हणून प्रत्येक वेळी विमानतळावर बसल्या बसल्याच मोबाईलच्या शीटमधी टाकायचं, कधी निघालो, कधी पोचलो, कुठला देश, कशासाठी. बोर्डिंग पासचा फोटो लगेच काढ, पेट्रोल पंपाच्या पावतीसारखं त्याच्यावरचं पण उडून जातं. तिकिटाचा ईमेल ठेव पण त्याच्यावर विसंबू नको, तिकीट काढलं म्हणजे माणूस गेलाच असं कुठं आहे. नायगराच्या पलीकडं अमेरिकेत सकाळी जाऊन संध्याकाळी आलास तरी लिही. विमानानं बाहेर जाणाऱ्यांची नोंद कॅनडा २०२० पासून स्वतःच ठेवतोय, त्यांच्या आणि तुझ्या तारखा जुळल्या पाहिजेत. आणि पासपोर्ट रिन्यू केल्यावर कोपरा कापून जुना परत देतात तो फेकायचा नाही! हीच शीट इकडं सीएला पण पाठव, एनआरआय ठरवायला तो एप्रिल ते मार्च तुझे भारतातले दिवस मोजतोच.

आता जुन्या ट्रिपांचं काय म्हणशील. मी पण बाहेर होतो तेव्हाच्या माझ्या पहिल्या ट्रिपांच्या तारखा कुठं सापडल्या माहितीय का, आईच्या कालनिर्णयवर. जुनी सगळी कॅलेंडरं तिनं गुंडाळी करून कपाटावर ठेवलीत. त्यात दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लागला, सगळं पेन्सिलनं. 'बंड्या आला' असं कुठंच नाही, पण एका तारखेपासून रोज 'अर्धा लि. जादा' सुरू होतंय आणि एका तारखेला बंद. मी आलो की बासुंदी चालू असती ना! कॅनडाच्या ऑफिसात हे कोण विचारणार नाही, पण तारीख हातात आली की त्या आसपासचे ईमेल, बँकेचं स्टेटमेंट, कार्डावरचे खर्च झटक्यात निघतात. काकूंचं कॅलेंडर असलं तर बघायला सांग.

काका मला म्हणाले होते, 'पक्याला कळवू नको, उगं धावत येईल.' त्यांनी नको म्हटलेलं, तरी तुला ऑपरेशनचं सांगितलंच. ऑपरेशन दसऱ्यानंतर चार दिवसांनी आहे, डॉक्टर म्हणतात तारीख थोडी मागंपुढं चालेल, म्हणजे तू तिकीट बघ आणि मला सांग, मी दवाखान्यात बोलतो. ट्रॅव्हल्सनं आलास तर कावळा नाक्यावर गाडी घेऊन थांबतो, पहाटे पाचला असलं तरी. पोरांना आणणार असशील तर लवकर कळव, वरची खोली रिकामी करायला लागेल.

तुझा,
बंड्या