ईशूची लस आणि तुझी शंका

अंबाजोगाई

चि. संदीप,
अनेक आशीर्वाद.

माझ्या नातीची, ईशूची एचपीव्हीची लस (गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगापासून वाचवणारी) तू लांबणीवर टाकलीस हे सूनबाईकडून, स्वातीकडून कळलं. कारणही तिनंच सांगितलं: लशीनं ईशूची पाळी बिघडेल अशी तुला शंका आहे. मला फोनवर तू नुसतं "बघू आई, घाई काय" म्हणालास. दोन लेकरांचा बाप झालास तरी आईसमोर 'पाळी' म्हणायला तुझी जीभ अडखळते, म्हणून पत्र लिहायला बसले. यात तो शब्द पुष्कळदा येणार आहे, सवय करून घे.

तुझी शंका खुळचट नाही, हे आधी सांगते. 2021 च्या एप्रिलात तो मेसेज फिरला होता, आठवतो का? अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना 1 मेपासून कोरोनाची लस मिळणार होती आणि पाळीच्या पाच दिवस आधी, पाच दिवस नंतर मुलींनी ती घेऊ नये म्हणे. तो निव्वळ खोटा होता, सरकारनंही तसं जाहीर केलं. पण पुढं उपकेंद्रावर मी जे ऐकलं ते खोटं नव्हतं. लस घेऊन गेलेल्या बाया महिन्याभरानं यायच्या, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगायच्या. "सिस्टर, ह्या बारीला तारीख लई पुढं गेली." "सिस्टर, अंगावरून लई जायलंय." कुणाचा काही दावा नव्हता, त्यांना फक्त हे लशीनं होतं का ते हवं होतं. आणि सांगायला आमच्याकडं काही नव्हतं, कारण लशींच्या मोठ्या चाचण्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सगळं विचारलं. पाळीचं मुद्दाम कुणी विचारलंच नाही. याचा मला आजही राग येतो. विचारलं असतं तर त्या मेसेजला पाय फुटले नसते.

जगभरच्या बायकांनी हाच प्रश्न लावून धरला तेव्हा अभ्यास झाले. अमेरिकेत अ‍ॅलिसन एडेलमन या डॉक्टरीणबाईंनी जवळजवळ 4,000 बायकांच्या पाळीच्या नोंदी तपासल्या. त्या बायका मोबाइलवर तारखा आधीपासूनच लिहीत होत्या, त्यामुळं लशीच्या आधीचं आणि नंतरचं ताडून बघता आलं. जानेवारी 2022 मध्ये निष्कर्ष छापून आला: लस घेतलेल्या खेपेला पाळी सरासरी एक दिवसापेक्षाही कमी लांबली. एकाच चक्रात दोन्ही डोस घेतलेल्यांची दोनेक दिवस. पाळी किती दिवस चालते त्यात फरक नाही, आणि नंतर सगळं पूर्ववत. पुढं सुमारे 20,000 बायकांचा अभ्यास झाला, त्यात आपल्या कोविशील्डसारख्या लशीही होत्या. उत्तर तेच आलं. काहींना रक्तस्राव जास्त होतो हेही खरं. युरोपच्या औषध नियामकानं ऑक्टोबर 2022 मध्ये फायझर आणि मॉडर्नाच्या माहितीपत्रकात तसं लिहायला सांगितलं. म्हणजे माझ्याकडं येणाऱ्या बाया मनाचं काही सांगत नव्हत्या.

पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो आणि अंडाशयापर्यंत पोचतो. लस घेतल्यावर शरीर लढायला सज्ज होतं, त्या गडबडीत हा हुकूम थोडा उशिरा पोचत असावा, असं डॉक्टर मानतात. ताप, जागरण, परीक्षेची धास्ती यांनीही तारीख हलते. बारावीच्या वर्षी तुझ्या बहिणीचं काय झालं होतं ते तुला माहीत नसेल, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ईशूची लस. ती कोरोनाची नाही, एचपीव्हीची आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग जवळजवळ नेहमी ह्याच विषाणूमुळं होतो. हिच्याबद्दलही पाळीची ओरड झालीय, आणि ती जपानात. तिथं 2013 मध्ये मुलींच्या तक्रारींनंतर सरकारनं या लशीची शिफारस थांबवली. मग नागोया शहरानं सुमारे 30,000 तरुण मुलींकडून 24 लक्षणांबद्दल उत्तरं मिळवली. पाळी अनियमित होणं, जास्त जाणं हे त्यात होतं. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत लशीमुळं म्हणावा असा फरक निघाला नाही. 2022 मध्ये जपाननं शिफारस पुन्हा सुरू केली. मधली नऊ वर्षं तिथल्या कितीतरी पोरी लशीविना राहून गेल्या.

खरी गोम वयात आहे, बाळा. लस द्यायची 9 ते 14 व्या वर्षी, आणि आपल्या पोरींना पाळी येते तीही तेव्हाच. पहिली दोन-तीन वर्षं ती काही शिस्तीत येत नाही; कधी तीन आठवड्यांत, कधी दीड महिन्यानं. टोचली आणि पुढच्या महिन्यात चुकली की आई-बाप बोट सुईकडंच दाखवणार. म्हणून आजपासून ईशूच्या तारखा कॅलेंडरवर लिहायला लावा. कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगा, कपाटात नको. मग लशीआधी काय होतं ते तरी कळेल.

तुला हे सगळं सांगायचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडं लशीनं पिशवीला काही होईल म्हणून घाबरतात, आणि पिशवीच काढून टाकायला घाबरत नाहीत. 2019 मध्ये आपल्या बीड जिल्ह्यात सुमारे 82,000 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,000 हून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझ्या गावातली एक, तिशीही गाठली नव्हती. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. एका दवाखान्यात सांगितलं, ठेवलीस तर कर्करोग होईल. घरी उचल घेतलेली, खाडा परवडत नव्हता, मुकादमाकडून आणखी पैसे उचलून ऑपरेशन केलं. ना साधी तपासणी झाली ना औषधाचा कोर्स. पुढच्या हंगामात ती मोळी डोक्यावर घेताना धापा टाकायची. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून लाखावर बायकांचा अभ्यास झाला होता. एकदाच एचपीव्हीची तपासणी केलेल्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये ते जगभर छापून आलं. आणि तासाभराच्या अंतरावरच्या बाईपर्यंत ते पोचलं नाही.

तेव्हा ईशूला घेऊन जा. स्वातीवर सोडू नकोस, तू स्वतः जा. उपाशीपोटी नेऊ नकोस. ह्या वयाच्या पोरींना टोचल्यावर कधी कधी भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटं तिथंच बसवून ठेव. दंड दुखेल, अंग कसकसेल. दुसरा डोस सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून ह्या वयात एक डोसही चालतो म्हणते, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं करा. नंतर कधी सात दिवसांपेक्षा जास्त गेलं, तासातासाला पॅड बदलावं लागलं किंवा तीन-तीन महिने आलीच नाही, तर लशीमुळं का कशामुळं हा वाद घरात घालत बसू नका, डॉक्टरीणबाईंना दाखवा.

आणि स्वाती आता पस्तिशीची झाली. तिची या कर्करोगाची तपासणी एकदाही झालेली नाही, मी विचारलं तिला. त्याच दिवशी तिचंही नाव लिहून ये.

तुझी,
आई

ता.क. दिवाळीला येताना माझी चष्म्याची चिठ्ठी आण, तुझ्याच बॅगेत राहिलीय.